बेचाळीसचं भोक

गोल भोक पाडायचं हत्यार घ्यायला माझ्या दुकानात जी माणसं येतात ती बहुतेक नुकतीच निवृत्त झालेली असतात आणि बायकोची नजर चुकवून आलेली असतात. चाळीस वर्षं मी हे लोखंडी सामानाचं दुकान चालवते आहे, आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग एकटीने, त्यामुळे गिऱ्हाईक दारात आलं की कळतं. नोकरी संपते, घरामागच्या शेडमध्ये एक टेबल मांडलं जातं आणि महिन्याभरात स्वारी हजर, "यासुए-सान, होल सॉ दाखवा." कशाला हवा विचारलं की डोकं खाजवतात. त्यांना वेगवेगळ्या मापांच्या अकरा दातेरी कड्यांचा डबा हवा असतो, कारण डब्यात अकरा कड्या असतात. त्यातली एक पाखरांचं घरटं करताना एकदा वापरली जाते आणि उरलेल्या दहा गंजतात. हे मी तोंडावर सांगते. गावात माझ्या जिभेला कानस म्हणतात ते काही उगाच नाही. तरीही हमरस्त्यावरचं मोठं दुकान सोडून लोक माझ्याकडे येतात, कारण मी चुकीची वस्तू देत नाही. म्हणजे, असं मी त्या ऑक्टोबरपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

कोइके मिस्त्री या हौशी लोकांतले नव्हेत. आमच्या किसोच्या खोऱ्यात अर्ध्या गावाची घरं त्यांनी बांधली. आता वय अठ्ठ्याहत्तर. पण जूनपासून ते दुकानाकडे फिरकले नव्हते. जूनमध्ये त्यांची बायको तोयोको-सान न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ते न्हाणीघर मिस्त्रींनी स्वतः बांधलेलं. जिच्यावरून ती घसरली ती पायरीही त्यांच्याच हातची.

त्या मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा मी खिळ्यांचे खोके लावत होते.

"यासुए-चान, एक गोल भोक पाडायचंय."

"तुम्हाला? तुमच्या घरी तर गिरमिटांचा संसार मांडलाय की!"

"मोठं भोक आहे. टबाच्या बुडाला."

मिस्त्रींकडून गोष्ट काढून घेणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं. थोडं तेल, थोडा धीर. मी चहा दिला, सलगमच्या पाल्याचं आंबट लोणचं पुढे ठेवलं, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. शनिवारी तोयोको-सानला चार महिन्यांनी दवाखान्यातून एका दिवसासाठी घरी आणणार होते. वृद्धांची व्यवस्था बघणाऱ्या बाई सोबत येणार होत्या. घरच्या न्हाणीघरात तिला आंघोळ करता येते का, ते त्या बघणार. येत असेल तर ती घरी राहणार. येत नसेल तर नागोयाच्या मुलीने, मिसुझुने, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. फक्त सही बाकी होती.

"जुना टब उंच आहे," मिस्त्री म्हणाले. "तिचा पाय तेवढा उचलत नाही. म्हणून बुटका केलाय. हिनोकीच्या सुगंधी लाकडाचा. वीस वर्षं फळ्या जपून ठेवल्या होत्या. सगळं झालं, पाणी बाहेर सोडायचा पितळी नळ बसवायला भोक तेवढं राहिलंय."

"मग पाडा की."

"बुडाची मधली फळी हातभर रुंद आहे. तसलं लाकूड आता विकत मिळत नाही. एकच आहे. चुकलं तर चुकलं."

आता मात्र मी पदर खोचला, म्हणजे आमच्याकडे ॲप्रनची नाडी आवळतात ती आवळली, आणि सगळा माल काउंटरवर मांडला.

"हा डबा," मी म्हटलं. "अकरा कड्या. पातळ पत्रा, उथळ भांडं. तुमची फळी किती जाड?"

"दोन बोटं समज. साडेतीन सेंटीमीटर."

"मग हा अर्ध्यातच अडकेल आणि लाकूड जाळून काळं करेल. बाजूला ठेवा. हा दोन हातांचा, हात मागेपुढे सरकवला की हवं ते माप मिळतं. शंभर कामं करणाऱ्याला बरा. पण फिरताना हात पसरून फिरतो आणि फळीत गाठ लागली की मनगटाला असा झटका देतो की विचारू नका. याला तरणी मनगटं लागतात."

"माझी मनगटं म्हातारी झाली म्हणतेस?"

"मी कुठे म्हणते? हत्यार म्हणतंय."

मिस्त्री पहिल्यांदा थोडे हसले.

"याला टोकाला कडक धातूचे तुकडे जोडलेत. पोलादी पत्र्याला, स्वयंपाकघरातल्या सिंकला उत्तम. लाकडात ओरखडे काढतो. आणि हा हिऱ्याच्या भुकटीचा, याला तर दातच नाहीत. फरशीला ठीक आहे. लाकडावर धरलात तर नुसता धूर काढेल, अग्निशमनवाले येतील."

"राहिला एक."

"हाच घ्यायचा. दोन धातूंचा. दात कडक, अंग लवचीक, भांडं खोल. हळू कापतो, पण स्वच्छ कापतो. आधी एका बाजूने निम्मं कापा. कडीच्या मधलं बारीक गिरमिट पलीकडे निघालं की थांबा, टब आडवा करा आणि दुसऱ्या बाजूने..."

"पोरी, मी हे तुझ्या जन्माआधीपासून करतोय."

"मग मला का विचारताय?"

खिशातून त्यांनी बांबूची एक छोटी कामटी काढून माझ्यासमोर ठेवली. आमचे सुतार मापाला अशी काठी तोडून घेतात. पितळी नळाच्या तोंडावर काठी धरायची, तेवढीच तोडायची, मग आकडे वाचायची भानगड नाही. या काठीला सगळे वेड्याची काठी म्हणतात, कारण वेड्यालाही ती चुकवता येत नाही.

"आकडा तू वाच," मिस्त्री म्हणाले. "मला मोतीबिंदूमुळे बारीक रेघा दिसत नाहीत. ऑपरेशन जूनमध्ये ठरलं होतं, ते राहिलं."

"मिसुझुला सांगायचं ना यायला. आईला आश्रमात टाकायची घाई, आणि बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला वेळ नाही?"

"तिला बोलू नकोस. तिचं बरोबर आहे. मी केलेल्या पायरीवरून तिची आई पडली. अशा माणसाच्या हवाली ती आईला कशी करेल?"

मला राग आला. मिसुझुचा आला, पायरीचा आला, आणि सगळ्यात जास्त या माणसाचा आला, जो माझ्यासमोर एवढासा होऊन बसला होता. माझा राग नाकावर असतो, त्याला उतरायला वेळ लागत नाही. मी मागच्या खुंटीवरचा सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोनी मापपट्टी, ओढून काढला, काउंटरवर आपटला, त्यावर काठी ठेवली आणि वाचलं.

"तीस. बरोब्बर तीस मिलिमीटर."

"तीस?" मिस्त्री म्हणाले. "मला वाटलं जरा..."

"वाचायला मी आहे ना, मिस्त्री?"

"हो. तुझे डोळे चांगले आहेत." त्यांनी तीसचा होल सॉ खिशात घातला, पैसे ठेवले आणि वाकून नमस्कार करून गेले. काठी काउंटरवरच राहिली. मी ती पेनांच्या डब्यात टाकली.

*

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं तर मिस्त्री आधीच बाहेर उभे. होल सॉ स्वच्छ पुसून, तेलाचं बोट लावून, मूळ खोक्यात घालून आणला होता.

"परत घ्यायला नाही आणला," ते म्हणाले. "कुणा कामाच्या माणसाला देऊन टाक."

"म्हणजे?"

"भोक लहान झालं. नळ आतच जात नाही. खूप लहान झालं, यासुए-चान, थोडंथोडकं नाही."

"पण तीस..."

"तू तीस सांगितलंस, यावरही तीस लिहिलंय, म्हणजे काठी मीच चुकीची तोडली असणार. वेड्यालाही चुकवता येत नाही ती मी चुकवली." ते हसायचा प्रयत्न करत होते आणि ते मला बघवेना. "काल रात्री मिसुझुला फोन केला. म्हटलं, शनिवारी येताना आश्रमाचा कागद घेऊन ये. तुझ्या बापाला आता साधं माप कळत नाही, तो तुझ्या आईला काय सांभाळणार?"

ते वाकून नमस्कार करून नदीच्या बाजूने चालू लागले.

मग मी पेनांच्या डब्यातून काठी काढली. मिस्त्री साठ वर्षं काठ्या तोडतायत. चुकली कशी? मी काउंटरच्या कडेवरच्या पोलादी पट्टीवर ती ठेवली.

बेचाळीस.

पुन्हा ठेवली. बेचाळीसच. मग मी खुंटीवरचा गुण्या काढला आणि उलटून बघितला.

आमच्या सुतारी गुण्याला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला सरळ माप. मागच्या बाजूचा प्रत्येक सेंटीमीटर लांबलचक, खऱ्याच्या जवळजवळ दीडपट. ते मुद्दाम केलेलं असतं. गोल ओंडक्यावर मागची बाजू आडवी धरली की त्यातून किती रुंदीची चौकोनी तुळई निघेल ते नुसतं वाचता येतं, हिशेब करावा लागत नाही. चौथीतल्या पोरालाही आमच्याकडे हे माहीत असतं. आणि मी, कोइके मिस्त्रींना होल सॉ शिकवायला निघालेली उंटावरची शहाणी, रागाच्या भरात गुण्या उलटा आपटून मोकळी झाले होते. बेचाळीसच्या गोलातून निघणाऱ्या तुळईचं माप मी त्यांना दिलं होतं.

खरं सांगते, एक मिनिट मनात आलं की हे कुणालाच कळणार नाही. काठी चुलीत टाकली की झालं. चाळीस वर्षांचं नाव होतं माझं. त्या एका मिनिटाची मला आजही लाज वाटते.

मग मी दुकानाला कुलूप घातलं. बेचाळीसचा होल सॉ घेतला, परत आलेला तीसचाही घेतला. शिवाय दोन सॉ एकात एक बसवायचा जोडदांडा, दोन नट आणि चकत्या घेतल्या. कारण आधीच भोक पडलेलं असेल तर नवा सॉ तिथे धरता येत नाही, मधल्या गिरमिटाला टेकायला लाकूडच उरत नाही. त्यावर आमची युक्ती अशी की लहान सॉ मोठ्याच्या पोटात बसवायचा, म्हणजे लहान जुन्या भोकात वाट धरतो आणि मोठा त्याच्या बाहेरून कापतो. हे सगळं स्कूटरच्या डिकीत भरलं आणि निघाले.

मिस्त्री शेडमध्ये उलट्या बादलीवर बसले होते. हिनोकीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. टब बघून मी क्षणभर कशाला आले तेच विसरले. काठ गुडघ्याच्याही खाली, कडा बोट फिरवून बघावंसं वाटेल इतक्या गोल केलेल्या, आतल्या बाजूला बसायला एक रुंद पाट. एकही खिळा नाही. आणि बुडाच्या एका टोकाला, त्या हातभर रुंद फळीत, माझं तीसचं भोक.

वाटेत मी लांबलचक भाषण ठरवलं होतं. तोंडातून एका दमात एवढंच निघालं.

"मिस्त्री, काठी बरोबर होती. मी गुण्या उलटा धरला. मागच्या बाजूने वाचलं. तुमचं माप बेचाळीस होतं."

त्यांनी मान वर केली.

"माझं चुकलं," मी म्हटलं आणि कमरेत वाकले ती वाकूनच राहिले.

"मागच्या बाजूने?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"तुळईचं माप?"

"हो."

"माझ्या बायकोच्या टबाला तू तुळईचं माप दिलंस?"

बादली कलंडल्याचा आवाज आला. मिस्त्री उभे राहिले होते.

"चाळीस वर्षं दुकानात बसून काय खिळे मोजतेस? तुझ्या बापाने तुला हे शिकवलं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या! पोरीला फोन करून सांगितलं मी, तुझा बाप आंधळा झाला, वेडा झाला, आईला घेऊन जा! तोयोकोला घेऊन जा म्हणून सांगितलं मी, यासुए! तुझ्या त्या तीसमुळे!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि पटकन बंद झाली. मी तशीच वाकलेली. कान गरम झाले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी मला बरं वाटत होतं. जूनपासून या माणसाचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

ओरडून झाल्यावर ते धापा टाकत टबापाशी गेले. पितळी नळ उचलला, त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग खाली वाकून त्या भोकाच्या कडेवरून फिरवला.

"मंगळवारी दुपारीच कळलं होतं," ते म्हणाले. आवाज आता अगदी खाली आला होता. "सॉ हातात घेतल्या घेतल्या बोट म्हणालं, लहान आहे. मी बोटाला म्हटलं, तू गप बस. पायरी करताना पण तूच म्हणालं होतंस, उंची बरोबर आहे म्हणून."

मी सरळ उभी राहिले.

"पायरीचं मला ठाऊक नाही, मिस्त्री. ओल्या पायाने कुणीही कुठेही घसरतं. पण या भोकाचं मला पक्कं ठाऊक आहे. बोट बरोबर होतं. चुकले ते माझे चांगले डोळे."

त्यांनी भोकाच्या कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ते डिकीत काय आणलंयस?"

मी जोडदांडा, नट, चकत्या, सगळं मांडून युक्ती समजावली. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान आहे," ते म्हणाले. "घरी घेऊन जा."

त्यांनी हिनोकीचा एक तुकडा शोधला, मांडीवर धरला आणि पटाशीने सोलायला लागले. बघत नव्हतेच. दोन कापा काढायच्या, बोट फिरवायचं, पुन्हा दोन कापा. अर्ध्या तासात गाजरासारखा निमुळता गट्टू तयार झाला. तो भोकात बसवून लाकडी हातोड्याने असा ठोकला की फळीत आणि गट्टूत नख जाईना. वरचा भाग करवतीने कापला. मग दोन दोरे आडवे-उभे ताणून मध्य काढला आणि सुईने टोचला.

"मध्य बरोबर आहे का?" असं म्हणून मी वाकून बघायला गेले.

"तुला कुणी विचारलं?"

मी मागे सरले.

"नुसतं टॉर्च धर. आणि वाचू नकोस काही."

बेचाळीसचा सॉ हळूहळू फिरायला लागला. पांढरा भुसा वर येत होता आणि दर थोड्या वेळाने थांबून ते तो फुंकत होते. मधलं गिरमिट खालून डोकावलं तसे ते थांबले. आम्ही दोघांनी टब आडवा केला आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मध्येच आवाज बदलला, पोकळ झाला, आणि गट्टूसकट लाकडाची चकती सॉच्या पोटात येऊन बसली. मिस्त्रींनी नळ घेतला आणि भोकात घातला. तो आत सरकला, शेवटी जरासा अडला, मग तळहाताच्या एका दाबाने बसला.

मला ती चकती आठवण म्हणून हवी होती. त्यांनी ती भुशाबरोबर झाडून टाकली.

"मिसुझुला फोन करून सांगा ना, कागद आणू नको म्हणून," मी म्हटलं.

"आणू दे. डोळ्यांनी बघू दे तिला." त्यांनी पाइप लावून टबात पाणी सोडलं. "आज गळणार, उद्या लाकूड फुगून बंद होईल. शनिवारी तू ये. गळलं तर पुसायला तूच."

*

शनिवारी मी फडकं घेऊनच गेले. टब न्हाणीघरात बसवलेला होता आणि एक थेंबही गळत नव्हता. ती पायरी मिस्त्रींनी उखडून टाकली होती आणि दारापासून टबापर्यंत सपाट फळ्या घातल्या होत्या.

तोयोको-सान वॉकर धरून आली. निम्मी झाली होती ती. पण दारातूनच तिने हवेचा वास घेतला आणि म्हणाली, "अहो, त्या फळ्या मोडल्या? मला वाटलं होतं, माझ्या शवपेटीसाठी ठेवल्यायत."

"तोंड तेवढं शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले.

व्यवस्था बघणाऱ्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्या हातात तक्ता होता आणि त्या प्रत्येक गोष्टीवर खूण करत होत्या. मिसुझुच्या खांद्यावरच्या पिशवीतून वृद्धाश्रमाचा लिफाफा डोकावत होता. मी तिला मनातल्या मनात मंगळवारपासून शिव्या दिल्या होत्या. जवळून बघितलं तर तिचे डोळे सुजलेले होते, आणि आईच्या मागून चालताना तिचे दोन्ही हात सारखे पुढे येत होते, ती आत्ता पडेल की काय अशा भीतीने.

तोयोको-सानने सुती झगा घातला होता. ती टबाच्या काठापाशी आली.

"काठाची उंची चांगली आहे," बाई म्हणाल्या. "आता आत उतरताना हात कोण धरणार? रोज कोण असेल?"

मिस्त्री दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांचे हात मागे बांधलेले होते. जूनपासून त्यांनी तिला हात लावला नव्हता, दवाखान्यातसुद्धा नाही. हे मला मिसुझुने नंतर सांगितलं. ते पलंगाच्या पायथ्याशी बसायचे आणि परत यायचे.

"मी धरते, आई," मिसुझु पुढे झाली.

तोयोको-सानने तिच्याकडे बघितलंच नाही. तिने वॉकरवरचा एक हात सुटा केला आणि दाराकडे पसरला.

"अहो, मी काय इथे दिवसभर उभी राहू?"

मिस्त्रींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग चौकट सोडून ते आत आले, ओल्या फळ्यांवरून, एकेक पाऊल टेकवत. त्यांनी तिचा पसरलेला हात घेतला, मग वॉकरवरचा दुसरा घेतला. एक हात तिच्या कमरेमागे गेला. त्यांचे डोळे मिटलेले होते हे मी बघितलं. बाईंनाही दिसलं असावं, कारण त्यांचा पेन थांबला.

"आधी बरा पाय," ते म्हणाले. "उचल. अजून बोटभर. हं. टेक."

पाय पाण्यात गेला.

"आता दुसरा. माझ्यावर भार टाक. टाक गं, मी आहे."

तिने भार टाकला. दुसरा पाय काठावरून पलीकडे गेला, आणि ती पाटावर बसली. पाणी तिच्या पोटापर्यंत चढलं आणि काठावरून सांडून सगळ्यांच्या पायांवर आलं. तोयोको-सानने डोळे मिटले आणि चार महिन्यांचा श्वास सोडल्यासारखा लांब श्वास सोडला. मिस्त्री तिच्यापाशी गुडघे टेकून बसले होते, बाह्या भिजल्या होत्या, आणि तिचे हात त्यांनी अजून सोडले नव्हते.

मी खाली वाकून फडक्याने पाणी टिपायला लागले, कारण मला रडू येत होतं आणि तेवढीच सोय होती.

"कसं वाटतंय, कोइके-सान?" बाईंनी तिला विचारलं.

तोयोको-सानने थोडा विचार केला. डोळे न उघडताच ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या पाणी जरा आणखी गरम करा."

"करतो," मिस्त्री म्हणाले.

मिसुझुने पिशवीतला लिफाफा खाली दाबला, चेन ओढली आणि पिशवी बाहेर नेऊन ठेवली. मग बाह्या वर सरकवून ती आत आली आणि वडिलांच्या शेजारी ओल्या फळीवर बसली.